कुपीतलं खत आणि मांडीतली पिलबाग

पत्र : मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. धाकटा मुलगा २२ वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करतो, गावच्या संघात कबड्डीही खेळतो. बारा दिवसांपूर्वी १०० मीटर पळताना मांडीच्या मागे 'टक' असा आवाज झाला आणि तो जागीच बसला. तिसऱ्या दिवशी मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी. सोनोग्राफीत 'हॅमस्ट्रिंग, ग्रेड टू टिअर' असं लिहून आलं, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू अर्धवट फाटलाय. आराम सांगितला म्हणून तेव्हापासून तो खाटेवरच आहे. आता जिममधला एक जण म्हणतो, ग्रोथ फॅक्टरच्या कुप्या मागवून देतो, पंधरा दिवसांत स्नायू भरेल. दुसऱ्या एकाने स्वतःचंच रक्त फिरवून मांडीत टोचून घ्यायला सुचवलं. भरतीचं ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी अडीच महिन्यांवर आलीय, पोरगा हट्टाला पेटलाय. या ग्रोथ फॅक्टरने फाटलेला स्नायू खरंच भरतो का? पैसे लावू का?

उत्तर :

नमस्कार दादा,

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. कुप्या मागवू नका. रक्त फिरवून टोचण्यावरही आत्ता पैसे घालू नका. आणि पोराला खाटेवरून आजच उठवा. तिन्हींत घाईचं काम हे शेवटचं आहे.

तुम्ही मात्र 'खरंच भरतो का' असं विचारलंय, आणि त्याला नुसतं हो-नाही पुरत नाही. जिमवाल्याचं अर्धं बोलणं खरं आहे. धडधडीत खोटं पोरं ओळखतात, फसतात ती अर्ध्या खऱ्यालाच.

तुम्ही केळीवाले, म्हणून तुम्हाला हे समजावणं सोपं. घड उतरला की केळीचा खांब संपला, तो पुन्हा विणार नाही. पण त्याच्या बुडाशी कंदातून पील वर आलेलं असतं. ते राखलं की त्यावरच पुढचं पीक, म्हणजे पिलबाग. स्नायूचंही पुष्कळसं असंच आहे. स्नायूचा एकेक धागा म्हणजे एक लांबलचक पेशी. एकदा पक्की झाली की ती स्वतः विभागून दुसरी तयार करू शकत नाही. मग फाटलेला धागा भरतो कशाने? प्रत्येक धाग्यावर एक पातळ आवरण असतं. ते आवरण आणि धागा यांच्या फटीत छोट्या पेशी चिकटून झोपलेल्या असतात. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञाला बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघताना त्या दिसल्या. मी त्यांना पीलच म्हणते. धागा धड असतो तोवर ही पिलं निजलेली, धागा फाटला की जागी होतात, वाढतात, एकमेकांना जुळून नवा धागा बनवतात किंवा फाटलेल्या टोकांना जाऊन मिळतात. त्यातली काही मुद्दाम परत झोपायला जातात, पुढच्या दुखापतीसाठी. म्हणजे बाग एका कटाईत संपत नाही.

आता या पिलांना उठवतं कोण, वाढवतं कोण, आणि 'बस, आता धागा हो' असं सांगतं कोण? हे निरोप पोचवणारी जी प्रथिनं, तेच ग्रोथ फॅक्टर. जिमवाल्याचं अर्धं खरं ते एवढंच. फक्त हे एक औषध नाही, पुरी टोळी आहे, आणि टोळीतल्या प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे.

पोराच्या मांडीत काय झालं ते बघा. 'टक' आवाज झाला, धागे तुटले, बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, रक्त साकळलं. तेच रक्त सुटून खाली उतरलं, म्हणून तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत निळं दिसलं. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, तिथे फुटल्या आणि त्यांनी पहिले निरोप सोडले. पांढऱ्या पेशी धावून आल्या, मेलेला माल खाऊन साफ करायला लागल्या. सूज, ठणका, जागा हाताला गरम लागणं ते यामुळे. लोक या सुजेला शत्रू समजतात आणि पहिल्या दिवसापासून गोळ्यांचा मारा करतात. पण वावरात पाणी साचलेलं असताना आपण औत घालत नाही, वाफसा येऊ देतो. पहिले दोन-तीन दिवस हे वाफशाचे. या साफसफाई करणाऱ्या पेशींचाच स्वभाव पुढे पालटतो आणि त्याच मग वाढीचे निरोप द्यायला लागतात.

पिलांना जागं करणारा मुख्य गडी एचजीएफ. त्याचं नाव पडलंय यकृताच्या पेशींवरून, पण स्नायूतही तो मोठं काम करतो. गंमत म्हणजे तो बाहेरून यावा लागत नाही. धाग्यांभोवतीच्या जाळीत आधीच बांधून ठेवलेला असतो, कणगीतल्या बियाण्यासारखा. धागा फाटला किंवा चांगला ताणला गेला की सुटतो. मग एफजीएफ येतो. त्याचं काम पिलं फुटवायची, एकाची दोन, दोनाची चार. त्यानंतर आयजीएफ-१. तो पिलं वाढवतोही आणि पुढे त्यांना धागा व्हायलाही लावतो, शिवाय धाग्यात प्रथिनं भरतो. हा यकृतातही तयार होतो, पण स्नायूवर भार पडला की स्नायू स्वतःचा स्वतः बनवतो. दुरुस्तीला मोठा हातभार लागतो तो या घरच्या मालाचा. व्हीईजीएफ नव्या बारीक रक्तवाहिन्या फोडतो. पाण्याची नळीच पोचली नाही तर खत घालून काय उपयोग!

एक गडी मात्र दुधारी आहे. टीजीएफ-बीटा. तो फाटलेल्या जागी कोलॅजन या चिवट प्रथिनाचं ठिगळ लावतो. सुरुवातीला ते ठिगळ हवंच, नाहीतर टोकं एकमेकांपासून दूरच राहतील. पण त्याचा जोर जास्त झाला किंवा फार दिवस टिकला की स्नायूच्या जागी वण भरतो. लुगड्याला बारदानाचं ठिगळ लावल्यासारखं. ठिगळ ताणत नाही, मग जोर पडला की त्याच्या कडेचा धड कपडा फाटतो. मांडीचं हे दुखणं पुन्हा पुन्हा उलटतं, त्याचं एक कारण हे.

मायोस्टॅटिनचंही सांगून टाकते, कारण जिमच्या डब्यांवर त्याचं नाव दिसतं. तो लगाम आहे. तुम्ही जास्तीची पिलं विळ्याने कापत राहता ना, तसं स्नायू भलतेच माजू नयेत हे तो बघतो. १९९७ साली त्याचा शोध लागला. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांमध्ये त्याची गुणसूत्रातली सूचनाच बिघडलेली असते, म्हणून ती गुरं पहिलवानासारखी फुगलेली दिसतात. डब्यातली पावडर खाऊन हा लगाम सुटत नाही. एवढं पुरे.

आता कुपी. तुम्ही ड्रिपमधून युरिया कधी देता आणि पोटॅश कधी वाढवता, याचं तुमचं वेळापत्रक असतं. घड भरायच्या वेळी नुसता युरिया ओतत राहिलं तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. इथेही तेच. प्रयोगशाळेत असं दिसतं की एफजीएफ किंवा एचजीएफचा मारा चालूच ठेवला तर पिलं नुसती वाढत राहतात, धागा व्हायचं लांबवतात. म्हणजे चांगलाच निरोप, पण अवेळी आला की काम अडवतो. शरीरात हा निरोप कुठे, किती आणि किती वेळ सुटायचा हे जखमच ठरवते. सुईला ते कळत नाही.

आयजीएफ-१ची कुपी तर सरळ धोक्याची आहे. त्याचं काम इन्सुलिनच्या जवळचं. चुकीच्या मापाने टोचलं तर रक्तातली साखर एकदम उतरते, घाम फुटून पोरगा बेशुद्ध पडू शकतो. हे औषध म्हणून अस्तित्वात आहे, पण ते ज्या मुलांच्या अंगात आयजीएफ-१ची गंभीर कमतरता असून वाढ खुंटते त्यांच्यासाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीत. पेशींना 'वाढा' म्हणणारा निरोप अंगभर फिरवायचा, तर नको त्या पेशीही तो ऐकतील ही भीती आहेच. आणि जिममध्ये फिरणाऱ्या कुप्या? माझ्याकडे एक पोरगा असली कुपी घेऊन आला होता. बोटाएवढी बाटली, तळाशी पांढरी भुकटी, वर सोनेरी झाकण. लेबलवर बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेलं, 'फक्त संशोधनासाठी, माणसाच्या वापरासाठी नाही'. मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचलं, आणि वर मलाच विचारलं, "मग किती युनिट घेऊ?" पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी फार वेळा निरुत्तर झाले नाही, त्या दिवशी झाले.

मुलगा कबड्डी खेळतो म्हणून हेही त्याच्या कानावर घाला. आयजीएफ-१, एचजीएफ, एफजीएफ, व्हीईजीएफ आणि त्यांच्या भावकीतले पदार्थ जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे वाडाच्या बंदी यादीत आहेत. उद्या मोठ्या स्पर्धेत तपासणीत सापडला तर 'मांडीसाठी घेतलं' हे कुणी ऐकून घेणार नाही.

रक्त फिरवून टोचण्याची गोष्ट वेगळी. ती पीआरपी. हाताच्या शिरेतून रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, प्लेटलेटचा थर वेगळा करून दुखऱ्या जागी देतात. २०११ पासून त्यावर वाडाची बंदी नाही, आणि रक्त स्वतःचंच, म्हणून धोकाही कमी. कल्पना तर छानच आहे : प्लेटलेटमध्ये ग्रोथ फॅक्टर भरलेले, ते नेऊन जखमेवर रिकामे करायचे. पण प्लेटलेटच्या पोतडीत टीजीएफ-बीटाही असतो, आणि पोतडी उलटली की सगळे एकदम बाहेर पडतात, पाळीबिळी काही नाही. नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर याची नीट परीक्षा झाली, २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. दुखापत तुमच्या पोराचीच, हॅमस्ट्रिंगची. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी, कुणाला काय दिलं ते खेळाडूला ठाऊक नाही. दोन्ही गटांतले निम्मे खेळाडू साधारण ४२ दिवसांत मैदानावर परतले. खाऱ्या पाण्याएवढाच गुण. गुडघ्याच्या झिजेला किंवा टेनिस एल्बोला पीआरपी द्यावं की नाही यावर डॉक्टरांत वाद आहेत, त्यात मी आत्ता शिरत नाही. ताज्या फाटलेल्या मांडीसाठी मी माझ्या भाच्यालाही ते देणार नाही.

मग घरचा माल बाहेर काढायचा कसा? हालचालीने. मापात दिलेला ताण हाच त्या कणगीची कडी काढतो. भार पडला की स्नायू स्वतःचा आयजीएफ-१ बनवतो, नवे धागे ओढीच्या दिशेने सरळ लागतात, वण आटोक्यात राहतो. डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. मांडी किंवा पोटरी फाटलेली. एका गटाचे व्यायाम दुसऱ्या दिवशी सुरू केले, दुसऱ्याचे नवव्या दिवशी. फरक एका आठवड्याचा. पण दुखणं जाऊन खेळायला लागेपर्यंत पहिल्या गटाला साधारण ६२ दिवस लागले, दुसऱ्याला ८३. सुरुवातीला घालवलेला एक आठवडा शेवटी तीन आठवड्यांना पडला. तुमचे बारा दिवस गेलेत, म्हणून मी वर 'आजच' म्हटलं.

हे मी शिकले ते पुस्तकातून नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका पहिलवानाची मांडी अशीच फाटली होती. मी त्याला पट्टा बांधून तीन आठवडे निजवून ठेवलं. बिचारा इमानदारीने निजला. उठला तेव्हा मांडी वाळलेली आणि मागच्या बाजूला हाताला सुपारीएवढी गाठ लागत होती. पहिल्याच कुस्तीत त्या गाठीच्या कडेला पुन्हा फाटलं. त्याच्या वस्तादाने मला एवढंच म्हटलं, "डॉक्टरीणबाई, घोडा बांधून ठेवला का पळायचं विसरतो." मला तेव्हा राग आला होता.

पण उठवण्याआधी एक तपासणी. पोराला बसताना ढुंगणाच्या खालच्या हाडाशीच जास्त दुखतं का? मांडीच्या मागे बोट फिरवलं की खड्डा लागतो का? पालथं झोपून गुडघा अजिबात वाकवता येत नाही असं आहे का? यातलं एकही 'हो' असेल तर एमआरआय करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडराच हाडापासून सुटली असेल तर कधी शस्त्रक्रिया लागते, आणि ती लवकर केलेली बरी. पोटरी सुजून गरम-कडक झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, बारा दिवस निजल्याने शिरेत गुठळी झाली असू शकते.

यातलं काही नसेल तर सुरुवात अगदी साधी. उताणं झोपायचं, गुडघा थोडा वाकवायचा, टाच अंथरुणात दाबायची. दहा सेकंद दाब, मग सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दहापैकी तीन गुणांएवढं दुखलं तर चालेल, त्यावर नाही. दिवसभर घरात-अंगणात चालायचं. हे सहज जमलं की दोन्ही पाय वाकवून कंबर उचलायची, पुढे एकाच पायावर. तेही जमलं की वर जाताना दोन पाय, खाली येताना हळूच एक पाय. हे हळू खाली येणं फार मोलाचं आहे. स्नायू ताणला जात असताना जोर धरतो, आणि १०० मीटरच्या पळण्यात हॅमस्ट्रिंगला नेमकं तेच करावं लागतं. शेवटी येतो गुडघ्यावर बसून पुढे झुकायचा व्यायाम, भावाने घोटे दाबून धरायचे आणि याने अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे जायचं. याला नॉर्डिक म्हणतात. जे संघ हा नियमाने करतात त्यांच्यात ही दुखापत जवळपास निम्म्याने कमी होते. मात्र आत्ता पहिल्या आठवड्यात तो करायचा नाही. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे दर आठवड्याला एक चक्कर मारा, पुढची पायरी त्यांना ठरवू द्या. कुप्यांच्या पैशात अशा बऱ्याच चकरा होतील.

चोळणं बंद. कुणी 'शिरेवर शीर चढली' म्हणून अंगठ्याने रगडायला बसलं तर हात जोडा. ताज्या जखमेवर जोराने रगडल्याने कधी कधी स्नायूतच हाड धरतं, असे पेशंट मी पाहिलेत. हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही, पण त्याने काही भरून येतं असंही नाही.

खाण्याचं तुमच्याकडे बरंच आहे. दुरुस्तीच्या काळात वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जायला हवीत. पोरगा ६५ किलोचा असेल तर दिवसाला शंभरेक ग्रॅम. नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा कळण्याची भाकरी चांगली, कारण तिच्यात उडीद आहे. सोबत घट्ट वरण, उसळ, मूठभर शेंगदाणे, दूध, खात असेल तर तीन-चार अंडी. आणि केळी पोटभर खाऊ दे, पण केळ्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत हेही त्याला सांगा, घरची आहेत म्हणून. तंबाखूची पुडी खिशात असेल तर ती काढून घ्या. रक्तवाहिन्या आखडल्या की तिथवर पोचायचं काय?

झोप आठ तास. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत सुटतं. रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात मोटर चालू करायला दुसऱ्या कुणाला पाठवा.

ग्राउंडबद्दल खोटी आशा दाखवत नाही. अडीच महिन्यांत बहुतेक पोरं पळायला लागतात, पण पूर्ण जोराचा १०० मीटर सगळ्यात शेवटी येतो. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. त्याने आधी सावकाश पळून १६०० मीटरचा दम परत आणावा, आणि गोळ्याचा सराव तर याच आठवड्यापासून खुर्चीवर बसून सुरू करावा. सगळा जीव १०० मीटरवर टांगू नये. पूर्ण वेगाने पळण्याआधी सलग काही दिवस जवळपास ऐंशी टक्के जोराने पळून बघावं, पळताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ओढलं-दुखलं नाही तरच पुढे जावं. शूज घालताना वाकलं की ओढ लागते, तोवर नाही.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिहा. लिहिताना हे बघून लिहा : उताणं झोपून गुडघा ताठ ठेवत धड पाय किती वर जातो, दुखरा किती, आणि दोन्ही टाचांच्या उंचीत किती वितींचा फरक पडतो. सोनोग्राफीचा कागद पुन्हा काढायला पैसे घालू नका, मला वितींचं माप पुरेल.